बर्फ मासळीला, बॅटरीला पाणी

माझ्या साखरपुड्यात नवऱ्याच्या काकांचा मोबाईल सोफ्याच्या फटीत गेला आणि प्रमिलाताई हॉलच्या दुसऱ्या टोकाहून ओरडल्या, "हलू नका! कुणीही हलायचं नाही!" फणसवाडीतला तो हॉल एकदम चिडीचूप झाला. अर्धवट उठलेले काका तसेच अवघडून थांबले. ताई पैठणी सावरत गुडघ्यांवर बसल्या, टॉर्च लावून फटीत हात घातला, मोबाईल काढला, तो गरम नाही ना हे बघितलं आणि मगच काकांना उठायची परवानगी दिली. सासरची मंडळी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "आमच्या ताई अशाच आहेत."

प्रमिलाताई विमानातल्या आमच्या क्रूच्या प्रमुख. डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेल्या आणि आवाजही चाळीतलाच, गॅलरीच्या या टोकाचा त्या टोकाला पोचणारा. विमानात मोबाईल सीटमध्ये पडला की माणूस शोधायला म्हणून आधी सीट मागेपुढे करतो, मोबाईल चेपतो आणि बॅटरी पेट घेते, याचा त्यांनी भलताच धसका घेतला होता. नव्या मुलींकडून त्या कसून तयारी करून घेत. एखादीने बॅटरी गार करायला बर्फ ठेवीन म्हटलं की संपलंच. "बर्फ मासळीला लाव गं. बॅटरीला पाणी! बर्फाने झाकलं की आतली उष्णता आतच राहते." आणि "आग विझली" हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "ज्वाळा विझल्या म्हण. आग आत असते." हे त्यांनी आईकडून उचललेलं. आई गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. वरून विझलेली कापसाची गाठ आतून कशी धुमसत राहते, ते त्यांनी पाहिलं होतं.

याच आईंचं एक वाक्य मात्र ताईंना लागायचं. कुणी विचारलं की आई सांगत, "आमची पमी आभाळात चहा वाटते." त्यात कौतुकच होतं. ताई हसायच्या, पण एकदा मला म्हणाल्या, "रिटायर व्हायच्या आत आईने एकदा तरी बघावं गं, मी वर काय करते ते." म्हणून आपल्या शेवटच्या फ्लाइटवर, नागपूर-मुंबईवर, त्यांनी दीक्षाभूमीहून परतणाऱ्या आईंचं तिकीट काढलं. आईंचा पहिलाच विमानप्रवास. पांढरी साडी नेसून त्या ऐटीत बसल्या होत्या.

आम्ही चहाची ट्रॉली बाहेर काढतोय तोच आईंच्या शेजारच्या गृहस्थांचा मोबाईल सीटमध्ये घसरला. "अहो दादा, हलू नका, पमी ओरडेल," असं आई सांगेपर्यंत त्यांनी बटण दाबून सीट मागे रेटली होती. कर्रकन आवाज झाला, धूर आला आणि जाळ दिसला.

ताई ओरडल्या नाहीत. आईंना दंडाला धरून उठवलं, आजूबाजूच्या सगळ्यांना पुढे पाठवलं आणि अग्निशामकाने जाळ विझवला. मी कॅप्टनला कळवून पाण्याच्या बाटल्या आणल्या. जाळ गेला तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या. "टाळ्या नंतर," म्हणत ताई फटीत पाणी ओतत राहिल्या. पाणी संपलं, मग सोडा, मग संत्र्याचा रस. ते गृहस्थ लांबून म्हणाले, "मॅडम, विझली की आता." ताईंच्या आधी पुढच्या रांगेतून आई बोलल्या, "अहो, आत धग असते. ओतू दे तिला." ताईंनी एकदा आईकडे बघितलं आणि पुढचा डबा फोडला. मला तेव्हा फार बरं वाटलं. मुंबई येईपर्यंत ताई त्या सीटवरची नजर काढायला तयार नव्हत्या.

संध्याकाळी आम्ही क्रूमधल्या मुली त्या मायलेकींना सोडायला डिलाईल रोडला गेलो. बायका गॅलरीत जमल्याच होत्या. एकीने विचारलं, "काय मावशी, पमीच्या हातचा विमानातला चहा कसा होता?"

"मिळालाच नाय," आई म्हणाल्या. "तिला टाइम कुठे होता? एवढी माणसं सांभाळायची होती."

ताई डोळे पुसत, सवयीने, आमच्यासाठी चहा टाकायला आत निघाल्या. आईंनी त्यांना खांद्याला धरून खाटेवर बसवलं.

"हलायचं नाही," आई म्हणाल्या. "आज चहा मी वाटते."