नव्वद सेकंदांचा चोर

हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. हा गाढवपणा सांगताना मला स्वतःलाच ठसका लागतो! आणि तीस वर्षं पोरांना कॉम्प्युटर शिकवलेल्या माणसाचा गाढवपणा आहे हा, साधासुधा असेल कसा?

तर मी विचुंब्याला एका नव्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहतो. एकटाच. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी मुक्ता तीन वर्षांपासून जर्मनीत. घरात आवाज करणारं म्हणाल तर कुकर. तोही तीन शिट्ट्या झाल्या की गप्प.

आमच्याकडे पाण्याचा टँकर येतो. त्याची नोंद वहीत व्हायची, वहीत खाडाखोड व्हायची आणि खाडाखोडीवरून भांडणं. मी म्हटलं, थांबा! माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर मी एक लिनक्सचा कंटेनर चालवतच होतो. कंटेनर म्हणजे उरणच्या रस्त्याला ट्रेलरवरून जातो तो लोखंडी डबा नव्हे हो. एकाच कॉम्प्युटरच्या पोटात थाटलेलं वेगळं बिऱ्हाड, असं समजा. त्यातच टँकरची नोंद टाकली. सोसायटीने नियम केला, काकांकडे नोंद झाल्याशिवाय पाणी टाकीत सोडायचं नाही.

त्यामुळे रोज सकाळी सेक्रेटरी साळवी टँकरची चिठ्ठी घेऊन माझ्या दारात. खरं सांगू? दिवसभरात माझी बेल तेवढीच वाजायची.

सगळं छान चाललं होतं. पण या उन्हाळ्यात रोज सकाळी वीज जायला लागली. एरवी महिनोन् महिने बंद न होणारं यंत्र रोज नव्याने उठवायची पाळी आली, आणि कंटेनर काही केल्या लवकर उठेना! दीड मिनिट नुसता काळा पडदा. मग नाव टाका, पासवर्ड टाका, की पुन्हा अर्धं मिनिट ढिम्म. खाली टँकरचा हॉर्न.

"काका, झालं का?"

"होतंय, बसा. चहा टाकलाय."

"अहो, तो ड्रायव्हर बोंबलतोय!"

"त्याला म्हणावं, सिस्टिम चालू होतेय."

"सांगितलं. तो म्हणतो, त्याची गाडी ढकलून चालू करावी लागते, तरी एवढा वेळ लागत नाही!"

साळवी खुर्चीवर टेकायचे, घोटभर चहा घ्यायचे, मुलाच्या दहावीचं सांगायचे. पण आठवडाभराने तेही कंटाळले. "काका, राग मानू नका. रविवारच्या मीटिंगमध्ये पुन्हा वहीचं ठरवू या."

वही म्हणजे वॉचमनच्या टेबलावर. मग सातव्या मजल्यावर कोण कशाला येतंय?

मी पेटलो. केबल बदलली. इंटरनेटवाल्याला फोनवर झापलं. कॉम्प्युटर उघडून पेंटिंगच्या ब्रशने साफ केला. ढिम्म! मग माझ्या सुपीक डोक्यात प्रकाश पडला. हा त्रास सुरू कधी झाला? त्याच महिन्यात चौथ्या मजल्यावर रूपाली म्हात्रे राहायला आली. चिरनेरची मुलगी, घरून काम करते, आणि काम काय, तर हेच. लिनक्सची यंत्रं सांभाळणं. झालं! चोर सापडला.

मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "चौथ्या मजल्यावरून कोणीतरी माझ्या यंत्रात शिरून ढवळाढवळ करत आहे."

आणि अहो, काय सांगू! जोशीकाकूंचा टीव्ही अडकत होता, तो तिच्यामुळे. लिफ्ट तिसऱ्यावर थांबत होती, ती तिच्यामुळे. एकाने तर पाण्याला वास येतो तेही तिच्याच नावावर टाकलं!

रविवारी बेल वाजली. दारात रूपाली, मागे साळवी, त्यांच्या मागे अख्खी कमिटी. एवढी माणसं माझ्या घरात बायकोच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच आली असतील.

"काका, मी दिवसभर असल्या शंभर मशिनी सांभाळते," रूपाली म्हणाली. रागाने लाल झाली होती. "तुमच्या मशिनीत शिरायला मला टाइम तरी हाय का?"

"मग कोण करतंय हे?"

"मशीनच सांगल की. सुरू होताना कोणी किती वेळ खाल्ला, त्याची यादी असते. तुमी बघितली नाय?"

नाही बघितली. पोरांना जी गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवायचो, ती मी पाहिलीच नव्हती! तिने एक ओळ टाइप केली. यादी आली. सगळ्यांत वर एकच नाव, त्यापुढे नव्वद सेकंद. साळवींनी ते मोठ्याने वाचलं.

"मुक्ता येऊ दे."

रूपालीने त्या नावाची फाइल उघडली. आत यंत्राला हुकूम लिहिले होते. सुरू होताना मुक्ताच्या लॅपटॉपला हाक मार. उत्तर येईपर्यंत थांब. नव्वद सेकंदांत आलं नाही तर नाद सोड. कोणी लॉगिन केलं की पुन्हा तीस सेकंद हाक मार. खाली लिहिणाऱ्याचं नाव होतं, आप्पा. मुक्ता मला आप्पाच म्हणते.

आठवलं हो! कॉलेजात असताना मुक्ताचा प्रोजेक्ट एकदा उडाला होता, दोन दिवस रडत होती. तेव्हा मीच हे लिहिलं होतं, यंत्र उठलं की आधी तिचं सगळं जपून घेऊन ठेवायला. ती गेली, लॅपटॉपही गेला. हे मात्र राहिलं, आणि रोज सकाळी तिला हाका मारत बसलं.

"काका," रूपालीचा आवाज एकदम मऊ झाला, "काढू का?"

मी मान डोलावली. ग्रुपवर माफी मागितली, "चोर घरातच सापडला." जोशीकाकूंनी विचारलं, "मग माझ्या टीव्हीचं काय?"

वही टळली. सोमवारी कंटेनर चार सेकंदांत उठला. साळवींनी उंबऱ्यातूनच चिठ्ठी दिली, नोंद झाली, साळवी पसार! मंगळवारी तेच. बुधवारी तेच. रोज दोन कप चहा मी एकटाच प्यायलो.

गुरुवारी साळवी गावाला गेले होते, म्हणून चिठ्ठी घेऊन रूपाली आली. मी पडद्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

"बस गं जरा. आज पुन्हा वेळ लावतोय. दोनेक मिनिटं जातील."

तिने माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. टँकरचं पान केव्हाचं उघडलेलं होतं.

"काका, मशीन तर कवाच चालू झालीये. अडकलात ते तुमी."

आणि खुर्ची ओढून बसली. "साखर कमी टाका."