शेवटच्या पानावरचा विक्रीकर

मी सिंदी सोडली त्या दिवशी बाबा दुकानाचं शटर अर्धं ओढून, कापड मोजायची टेप गळ्यात तशीच घेऊन स्टेशनवर आले. वर्ध्याकडे जाणारी पॅसेंजर नेहमीसारखी लेट. खिडकीतून एवढंच म्हणाले, "टायमावर जेवत जाजो. अन् भाव इचारल्याबिगर काही घेऊ नको." मला हसू आलं. कॉम्प्युटर शिकून पुण्याला नोकरीला निघालेली मी, स्वतःवर बेहद्द खूश होते.

तुमच्यातले जे गावातच राहिले त्यांना आमचं दुकान माहीत आहे. बाबा भाव सांगत तो विक्रीकरासकट. त्यावर एक पैसा नाही. खेड्यावरच्या बायका पदराच्या गाठीत मोजके पैसे बांधून येत. कापड फाडल्यावर रक्कम वाढली, तर चारचौघांत नको म्हणायची बाईला लाज वाटते, ती सोबतिणीकडून उसने घेते पण मागे फिरत नाही, हे बाबांनी पाहिलेलं होतं. "पयलेच पुरा भाव सांगाचा," ते म्हणत. "तिले खाली मान घालाले लावाची नाई."

पुण्यात मी इंटरनेटवर घरगुती वस्तू विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना ते दिवस आठवतील: डेडलाइन, पिझ्झा, गळ्यात आयकार्ड, आणि 'मला'च्या जागी चुकून गावाकडचं 'मले' निघेल ही सतत धास्ती. एकदा मीटिंगमध्ये प्रश्न निघाला, वेबसाइटवर किंमत करासकट दाखवायची की कराशिवाय? मी हात वर केला. म्हटलं, वस्तूच्या पानावर कराशिवायचा आकडा ठेवू. नाव, पत्ता, सगळं भरून झालं की शेवटच्या पानावर कर जोडू. इतकं पुढे आलेला माणूस मागे फिरत नाही. साहेब जाम खूश झाले आणि पुढच्याच महिन्यात मला बढती मिळाली. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. मी ते बाबांच्या गल्ल्याशेजारी बसून शिकले होते आणि त्याचा नेमका उलटा उपयोग केला होता.

वर्षभरानं आईचा फोन आला. बाबांनी वर्ध्याच्या सायबर कॅफेत जाऊन माझी वेबसाइट उघडून घेतली होती. आईसाठी मिक्सर पसंत केला, पानावरची किंमत आणि आमच्या कंपनीचा पत्ता चिठ्ठीवर उतरवला. कार्ड नसलेल्यांनी ड्राफ्ट पाठवावा, अशी आमची सोय होतीच. बँकेत सगळ्यांना सांगून झालं, "माह्या पोरीच्या दुकानातून मागवून राह्यलो." पंधरा दिवसांत ड्राफ्ट परत आला. सोबत छापील पत्र: 'किंमत नीट वाचून पूर्ण रक्कम पाठवावी.' ते वाक्य मीच लिहिलं होतं.

"तुले सांगू नको म्हन्ले होते," आई म्हणाली. "ड्राफ्ट रद्द कराले बँकेत जाऊन नाई राह्यले. लाज वाटते म्हंतात."

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, विक्री चांगली चालली आहे, कशाला हात लावायचा? मी मान डोलावून जागेवर येऊन बसले. राजीनामा नाही, भांडण नाही, काही नाही.

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांनी ती चिठ्ठी पुढे केली. "मी कुठं चुकलो, दाखव बरं. चष्म्याचा नंबर वाढला असन." आकडा बरोबर होता. मी म्हटलं, "तुम्ही नाही चुकलात बाबा. कर मागून लावायचं मीच सुचवलं होतं."

त्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तिथं गिऱ्हाईक दिसत नाई ना तुले. त्याचं तोंड दिसलं असतं तं नसतं केलं तू."

ती तोंडं मला लहानपणापासून पाठ होती, आणि पाठ होती म्हणूनच मला ते सुचलं होतं, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. आजही झालेली नाही. लोक विचारतात, गावी का जात नाहीस? मी रजेचं कारण सांगते. खरं म्हणजे सिंदीत एक माणूस मला अजून चांगली समजतो. माझं घर तेवढंच उरलं आहे, आणि तिथेच जायची मला लाज वाटते.