मुलीला पातळ औषध

लिहिण्याचा अधिकार नसताना लिहितो आहे, क्षमा असावी. कळमनुरीतील आमचे डॉक्टर स्टेथोस्कोप आधी तळहातावर ऊबदार करतात आणि मगच लेकराच्या छातीला लावतात. परवा दम्याने धापा टाकणारी दोन भावंडे त्यांच्यापुढे होती. मुलाला त्यांनी तोंडाने ओढायचा पंप लिहून दिला, मुलीला पातळ औषध.

“साहेब, तकलीफ तर हिलाच जास्त हाय. हिला काहून न्हाई पंप?” आईने विचारले.

“माय, पोरीच्या हातात पंप दिसला, तर उद्या सोयरीक कोण करंल? तुह्या भल्याचंच सांगून राहिलो.”

आईने चिठ्ठीची घडी करून पदरात खोचली. बाकावर नंबराची वाट पाहत बसलेला मी गप्प राहिलो. मुलीच्या छातीतली घरघर ती दाराबाहेर जाईपर्यंत ऐकू येत होती.

तुम्ही तिथे असता, तर बोलला असता का?