वेगळी चूल

"होते जी, कायले होत नाही?" असं म्हणून तिने ओढणी कमरेला खोचली, की आम्ही ऑफिसातले लोक ओळखायचो, आता ही कुणाचं तरी डोकं खाणार.

मी तुमसरच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळायचो. ती बपेऱ्याकडची. बारावी होताच बापाने लग्न ठरवलं, हिने शिकायचा हट्ट धरला, आणि बापाने दार लावलं. इकडे शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला लागे, तोही बापाचा. घराशी भांडून आलेल्या लेकराचं काय करायचं, हे आमच्या कोणत्याच नियमात नव्हतं. दाखला नाही तर फी नाही, आणि फी नाही तर बी.ए.चं पहिलंच वर्ष शेवटचं.

"बाबाकडे एकदा जाऊन पाहा," मी म्हणालो.

"गेली होती जी. अंगणातूनच म्हणे, माही पोरगी मेली." मग हसून, "मेलेल्या पोरीले फी माफ नाही का सर?"

मी हसलो, पण तिचा अर्ज ड्रॉवरमध्ये नीट ठेवून दिला.

ती भाड्याच्या खोलीत राहायची आणि बायकांच्या टोळीबरोबर धानाच्या रोवणीला जायची. सकाळी बांधीतल्या चिखलात, दुपारी वर्गात. चाचणी असली की बाया तिला शेताच्या धुऱ्यावर पुस्तक घेऊन बसवत आणि तिच्या वाटचं धान आपणच लावून टाकत.

शेवटी तहसीलमधून एक तोड निघाली. तिची चूल वेगळी आहे, असा तलाठ्याने अहवाल दिला, तर तिच्या एकटीच्या मजुरीवर दाखला मिळणार होता. आपल्याकडे चूल वेगळी म्हणजे घर वेगळं, तुम्हाला ठाऊकच आहे. तलाठी साहेबांना घेऊन मी तिच्या खोलीवर पोचलो आणि कपाळावर हात मारला.

अख्खी टोळी हजर! चुलीवर भाताचा गंज रटरटतोय, कुणी बेसनाच्या पातोड्या थापतेय, कुणी कांदा चिरतेय. साहेबांना पोरीची चूल थंड दिसू नये म्हणून सगळ्या आपापला शिधा घेऊन आल्या होत्या.

"एका चुलीवर जेवणारे एका घरचे," तलाठी दारातच म्हणाले. "मग उत्पन्नात या सगळ्यांची मजुरी धरावी लागेल."

बायांचे चेहरे उतरले. मी गयावया करू लागलो. तिने मात्र ताट वाढलं.

"बसा जी. गरम हाये."

पातोडीच्या वासाने साहेब बसले. रस्सा पुन्हा मागून घेतला. तेव्हा ती अगदी अदबीने म्हणाली, "साहेब, तुमीबी याच चुलीवर जेवले ना? मंग तुमचा पगार बी धरा लागन."

तलाठी असे हसले की त्यांना ठसकाच लागला. टोळीतल्या म्हातारीने पाठ थोपटली. हात धुऊन त्यांनी तिथेच लिहून दिलं, मुलगी एकटी राहते.

तो कागद मोठ्याने वाचताना 'एकटी'वर मात्र तिचा आवाज अडला.

"राहू दे वं माय," म्हातारी म्हणाली, "सरकारात एकटी राय. इथं भात निवून राहिला."

ती बी.ए. झाली आणि नोकरीला दूर गेली. ऑफिस आता फार शांत असतं, मला ते आवडत नाही. रोवणी लागली की टोळी आमच्या फाटकावरून जाते, आणि म्हातारी खिडकीत डोकावते.

"सर, आमच्या घरची पोरगी तुमाले फोन करते का जी? आमाले तं रोज करते!"