तात्यांचा अंगठा आणि तांब्याभर पाणी

तुम्ही डॉक्टर लोक गोळी लिहून देता आणि मोकळे होता! ती पोटात गेल्यावर माणसाचं काय होतं, ते आम्ही नर्सेस बघतो. म्हणून किस्से आमच्याकडे साठतात. उस्मानाबादच्या आमच्या वॉर्डात दुपारी उन्हाची तिरीप आली, की ते धुळीच्या कणांसारखे तरंगायला लागतात.

नळदुर्गकडचे तात्या आले, तेव्हा त्यांच्या पायाचा अंगठा वांग्यासारखा फुगला होता. रक्तात यूरिक ॲसिड वाढलेलं. चादर टेकली तरी ओरडायचे. मी कोंबड्या झाकायचं डालगं आणवलं, पायावर पालथं घातलं आणि वरून चादर सोडली.

तात्या बघतच राहिले. "सिस्टरबाई, अंडं कधी द्यायचं?"

*

ॲसिड उतरवणारी नवी गोळी सुरू झाली आणि डावा अंगठाही ठणकू लागला! सुरुवातीला असं होतं, घाबरून गोळी सोडायची नाही, हे मी पोटतिडकीनं समजावलं.

"म्हंजे उजव्याचं दुखणं डाव्याला वाटून दिलं व्हय?"

*

त्यांचे मेहुणे डब्यातून कलेजी घेऊन आले. "ताकद येती!" मी डबा अडवला. हेच खाऊन ॲसिड वाढतं! मेहुण्यांनी तिथंच मांडी घातली आणि डबा स्वतःच संपवला.

"आता तात्याला धोका न्हाय!"

*

या गोळीबरोबर भरपूर पाणी प्यायचं, नाहीतर मूतखडे होतात. तात्यांचा तांब्या रोज रिकामा, पण लघवी जेमतेम! एकदा मी दाराआड थांबले. तात्यांनी खिडकीबाहेर तांब्या ओतला, अगदी सावकाश, आणि डोळे मिटले. बाहेर भर उन्हाळ्यात गुलबक्षी फुलली होती.

"तात्या, हे काय?" मी कडाडले.

"वल्ल्या मातीचा वास आला, की पडल्या पडल्या रानात जाऊन येतो, बाई."

क्षणभर मलाही वॉर्डभर ज्वारी डुलताना दिसली.

*

शेवटी डॉक्टरांनी बजावलं, पाणी पिणार नसाल तर घरी गोळी मिळणार नाही. गोळी नाही, म्हणजे पुन्हा तेच दुखणं.

"तात्या, खरं सांगा, पाण्याशी वैर का?"

ते हळूच म्हणाले, "हितं रांजण भरलेला असतो. गावात हिला लांबून हंडा वाहावा लागतो. मला एवढं प्यायची सवय लागली, तर हिनं किती खेपा घालायच्या?"

काकू, म्हणजे तात्यांची बायको, पायथ्याशी गाठोडं बांधत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या,

"मंग पाय कुणाचा बरा केलाय, बाई? हंडा ह्येच आणतील की!"