साडूच्या खांबाखालची डबी

जळलेली मोटर नाकाने ओळखणारा माणूस होता तो. गिऱ्हाइकाने दुकानाच्या पायरीवर मोटर ठेवायचा अवकाश, हा आतूनच सांगायचा, "पंख्याची आहे. अडकून पडली होती आणि तुम्ही बटण बंद केलं नाहीत." तांब्याच्या तारेचे वेढे घालण्यात त्याचा हात धरणारा त्या रस्त्यावर कुणी नव्हता. वेढ्याला वेढा असा लागून बसायचा, की त्यावरून बोट फिरवलं तर रेशमावरून फिरल्यासारखं वाटावं. लोक त्याला वेढेवाला म्हणत, आणि ते नाव तो पदकासारखं मिरवायचा.

अशा माणसाला हेवा वाटावा तो कशाचा? साडूच्या अँटेनाचा.

त्याचं असं झालं होतं. तरुणपणी दोघांनाही हौशी रेडिओचा नाद एकाच माणसाने लावला. तारघरातून निवृत्त झालेले म्हाताऱ्या सशासारखे मऊ गृहस्थ, सगळे त्यांना तारमास्तर म्हणत. परीक्षा कशी द्यायची, परवाना कसा काढायचा, घरच्या खोलीत बसून समुद्रापलीकडच्या माणसाशी कसं बोलायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. आणि सगळ्यात आधी एक रीत शिकवली. ते म्हणायचे, "हवेत तिघे असले आणि एकाला दुसऱ्याचं ऐकू येत नसलं, तर ज्याला येतं त्याने निरोप पोचवायचा. शब्दाला शब्द. आपल्या पदरचं घालायचं नाही, दुसऱ्याचं गाळायचं नाही."

पुढे वेढेवाल्याचं लग्न झालं. त्याच मांडवात, मास्तरांच्या दुसऱ्या शिष्याने बायकोची धाकटी बहीण हेरली. तो चष्मे बनवायचा. नाजूक बोटांचा, हळू बोलणारा. वेढेवाल्याला वाटलं, शिष्यपण वाटून घेतलं तेवढं पुरे नव्हतं, आता सासूबाईंचं कौतुकही वाटून घ्यायला आला.

म्हातारपणी मास्तर परदेशी मुलाकडे गेले. तिथे परसात त्यांनी एक तार टांगली, छोटा सेट लावला आणि दर रविवारी सकाळी शिष्यांना हाक मारू लागले. दूरचं ऐकायला उभा अँटेना चांगला, म्हणून दोघांनीही उभारला. वेढेवाल्याने गच्चीला लागून मागच्या अंगणात, चष्मेवाल्याने दोन रस्ते सोडून आपल्या घरामागे. तसाच उंच नळाचा खांब, तशाच जमिनीत पसरलेल्या तारा, तशीच केबल. काडीचा फरक नव्हता.

पण रविवारी वेढेवाल्याच्या सेटवर फक्त किरकिर यायची. कढईत पाणी पडल्यासारखी. आणि त्या किरकिरीवर स्वार होऊन यायचा साडूचा आवाज, ठणठणीत, दोन रस्ते पलीकडूनचा.

"हो मास्तर! ऐकतोय मास्तर! हा हा हा, काय सांगता मास्तर!"

मास्तरांचा एक शब्द नाही. तिकडून काय आलं, ज्यावर हा एवढा हसला, ते काही कळायचं नाही. वेढेवाला हाक मारायचा, पुन्हा मारायचा, कान लावून बसायचा. किरकिर. मग साडू म्हणायचा, "दादा, मास्तर तुम्हालाच उत्तर देताहेत. विचारताहेत, गुडघा कसा आहे?"

हे ऐकलं की वेढेवाल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मास्तर मला विचारत असते तर मला ऐकू आलं नसतं? हा आपल्या ताटातलं उष्टं काढून वाढतोय. दया करतोय! तो खटकन सेट बंद करायचा आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवायचा.

बायको म्हणायची, "मास्तर बोलले वाटतं आज?"

"त्यांच्या लाडक्याशी बोलले."

"अहो, तुम्ही विचारा ना त्याला, त्याच्याकडे कसं येतं म्हणून."

"चष्मेवाल्याला? मी? तार म्हणजे काय हे विचारायला त्याच्या दारात जाऊ?"

एका रविवारी साडू हवेत म्हणाला, "खांबाखाली डबी बसवल्यापासून तुम्ही अगदी शेजारी बसल्यासारखे येता, मास्तर." झालं. डबी! वेढेवाल्याने सासूबाईंच्या निरोपाचं निमित्त काढलं आणि कुंपणावरून पाहून आला. खांबाच्या बुडाशी खरोखरच एक राखाडी डबी होती. एका बाजूने केबल आत, दुसरीकडून बाहेर. आत काय, ते दिसेना. सुट्या भागांच्या दुकानदाराला त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "अँटेनाखाली डबी म्हणजे बॅलन असणार, अँटेना केबलशी जुळवणारा. वेढे असतात आत."

वेढे! मग काय, वेढेवाल्याचं घर उजळलं. त्याने जुन्या यंत्रातली एक कडी काढली, नवीकोरी तांब्याची तार घेतली आणि दोन दिवस दुकानातल्या मोटरी तशाच ठेवून बॅलन बांधला. असा बॅलन कुणी पाहिला नसेल. वर वार्निश, वर रेशमी दोरा. केबल कापून मध्ये तो बसवला. रविवारी सेट लावला.

किरकिर. तशीच. वर साडू, "हो मास्तर! खरंय मास्तर!"

त्या दिवशी तो जेवला नाही.

मग शुक्रवारी बायकोला बहिणीचा फोन आला. फोन ठेवून ती दारात उभी राहिली. "मास्तरांचा मुलगा घर बदलतोय. उंच इमारतीत. तिथे तार टांगू देत नाहीत. हा रविवार शेवटचा, असं म्हणाले."

"कुणाला म्हणाले?"

कुणाला म्हणाले ते दोघांनाही ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी वेढेवाल्याने मेहुणीच्या पंख्याची मोटर पिशवीत घातली. ती कधीचीच तयार होती, त्यानेच नेऊन द्यायची टाळली होती. साडू दुकानात होता.

"भाऊजी! तुम्ही स्वतः? अहो, निरोप द्यायचा, हे आले असते न्यायला," मेहुणी म्हणाली. "बसा, चहा टाकते."

"टाक. मी जरा मागे वारा खातो."

ती आत वळली आणि तो खांबाजवळ बसला. गुडघा कुरकुरला. त्याने डबीचे स्क्रू काढले. झाकण निघालं. आत त्याने पाहिलं आणि त्याला हसूच आलं.

ना तार, ना वार्निश. एक जाडजूड काळी कडी आणि तिच्यातून केबलच, अख्खी केबल, पुन्हा पुन्हा ओवून काढलेली. नाडी ओवावी तशी! कडीत कुठे कापलीसुद्धा नव्हती, फक्त डबीच्या दोन्ही तोंडांशी फिरकीचे जोड होते. यात कसली आलीय कारागिरी?

पण हसू ओठावरच राहिलं. विजेचाच माणूस तो. बोलणं जातं केबलच्या पोटातून, त्याला ही कडी अडवत नाही. आणि केबलच्या वरच्या जाळीच्या बाहेरून, कातडीवरून, घरातलं सगळं चढत येतं. चार्जर, दिवे, फ्रिजची गुरगुर. आपल्याच घरची किरकिर आपल्याच खांबावर चढते आणि मास्तरांच्या आवाजात मिसळून परत येते. तिला ही कडी गळ्यालाच धरते. चोक आहे हा, चोक! ट्यूबलाइटचे चोक आयुष्यभर दुरुस्त केले, आणि हा समोर असून ओळखला नाही. आपण काय केलं? केबल कापली, वेढ्यांची शोभा बसवली आणि किरकिरीची वाट तशीच मोकळी ठेवली.

आतून कपबशी वाजली.

त्याने कडीसकट केबलचा तो तुकडा दोन्ही जोडांतून फिरवून काढला आणि पिशवीत टाकला. खिशातल्या जोडाने साडूची केबल नीट जोडून दिली. चोरी करतानाही सैल जोड त्याच्याने ठेववला नाही. रिकाम्या डबीचं झाकण लावून स्क्रू आवळले आणि चहा प्यायला. चहा चांगला होता. त्याला तो कडू लागला.

रविवारी सकाळी त्याने आपला देखणा बॅलन काढून फेकला, तिथे साडूचा चोक लावला आणि सेट सुरू केला.

किरकिर भिंतीवरून पाल पडावी तशी गळून पडली. मागे उरली एक मोठी, स्वच्छ शांतता, आणि त्या शांततेच्या तळाशी एक बारीक आवाज खोकत होता.

"...वेढेवाल्या, आज तरी थांबशील का रे?"

त्याने बटण दाबलं. "मास्तर! थांबलोय. ऐकतोय."

"काय म्हणालास?"

"ऐकू येताय तुम्ही. स्वच्छ."

मास्तर पुन्हा खोकले. "अरे मग एवढे रविवार काय करत होतास? मी उत्तर देतो, तू आपलंच म्हणतोस आणि निघून जातोस. मी तुझ्या साडूला विचारायचो, हा माझ्यावर रागावलाय का? तो म्हणायचा, नाही मास्तर, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं असेल. दर रविवारी गिऱ्हाईक! मी म्हटलं, वा, पोराने धंदा वाढवला."

तेवढ्यात दोन रस्ते पलीकडचा आवाज मध्ये घुसला. पण आज त्यात ठणठणीतपणा नव्हता.

"मास्तर! मास्तर, आज माझ्याकडे नुसती किरकिर आहे. शब्द लागत नाही एकही. दादा, तुम्हाला ऐकू येतंय वाटतं? काय म्हणताहेत हो?"

वेढेवाल्याने बटणावरचं बोट उचललं. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. चाख, म्हटलं, तूही चाख. एवढे महिने मी चाखलं.

"गुडघा कसा आहे?" मास्तरांनी विचारलं.

"ठीक आहे मास्तर. चढताना दुखतो."

"दादा! मलाही सांगा ना!" साडू म्हणाला. "शेवटचा दिवस आहे हो!"

मास्तर म्हणाले, "त्याला माझं येत नाहीसं दिसतं. त्याला सांग, त्याने पाठवलेला चष्मा लावूनच बसलोय. त्याच्यामुळे मला सेटवरचे आकडे दिसतात. नाहीतर हा नाद कधीच सुटला असता. तुम्हा दोघांशी बोललो तो त्याच्या काचांतून बोललो, असं सांग."

हे सांगायचं? आपल्या तोंडाने? वेढेवाल्याने माईककडे पाहिलं. नुसतं 'मास्तर नमस्कार सांगताहेत' म्हटलं तरी चाललं असतं. कोण तपासणार होतं? 'आकडे दिसतात' एवढंच सांगावं, पुढचं गाळावं. जीभ तशी वळलीही होती.

"दादा," साडूचा आवाज आता अगदीच बारीक झाला होता, "एक शब्द तरी सांगा."

वेढेवाल्याने बटण दाबलं. "ऐक. मास्तर म्हणताहेत, तू पाठवलेला चष्मा लावूनच बसलोय. त्याच्यामुळे मला सेटवरचे आकडे दिसतात, नाहीतर हा नाद कधीच सुटला असता." तो थांबला. "आणि म्हणताहेत, तुम्हा दोघांशी बोललो तो तुझ्या काचांतून बोललो. शब्दाला शब्द सांगितलंय."

मग तो सांगतच राहिला, इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, मास्तरांचा आवाज विरत विरत नाहीसा होईपर्यंत. शेवटचं वाक्य अर्धंच आलं. त्याने ते अर्धंच पोचवलं.

मग साडू म्हणाला, "दादा, आज तुमच्याकडे इतकं स्वच्छ कसं?"

"तुझी डबी उघडून बघ."

साडूचं बटण दाबलेलंच राहिलं होतं; खुर्ची सरकली, पावलं वाजली. गेला. परत आला तेव्हा त्याचा श्वास ऐकू येत होता. "माझाही शेवटचा रविवार होता, दादा," तो म्हणाला. एवढा रागावलेला साडू वेढेवाल्याने पूर्वी ऐकला नव्हता. "मागितली असती तर नसती का दिली?"

"म्हणूनच मागितली नाही."

पलीकडे सेट बंद झाल्याचा आवाज आला. खटकन. तो आवाज वेढेवाल्याच्या चांगल्या ओळखीचा होता.

त्याने अंगणात जाऊन चोक काढला, पिशवीत घातला. बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"संध्याकाळी जा की. तो चिडलाय."

"त्याच्याकडे सगळे रविवार आहेत," वेढेवाला चपला शोधत म्हणाला. "माझ्याकडे एक. आणि तोही अर्धा त्यालाच सांगून बसलो."

"मग आता कशाला निघालात?"

"उरलेले आणायला."

साडू खांबापाशीच बसला होता, उघड्या डबीसमोर. त्याने वर पाहिलं नाही. वेढेवाला शेजारी बसला, गुडघा कुरकुरला, त्याने पिशवीतून कडी काढली.

"ही केबल सैल ओवलीय तू," तो म्हणाला. "वेढा वेढ्यावर चढलाय. दे इकडे."

साडूने स्क्रू तळहातावर घेतले. वेढेवाल्याने केबल सोडवली, पुन्हा कडीतून काढू लागला, एकेक वेढा, लागून, दाबून.

"हं," तो खाली मान घालून म्हणाला. "आता सुरुवातीपासून सांग. माझ्या गुडघ्याचं पहिल्यांदा कधी विचारलं? आणि ते हसायचास एवढा, ते कशाला? शब्दाला शब्द सांग. गाळलंस तर मला कळेल."