पूजेच्या दिवशी गोठलेलं औषध

"ही किती वर्षांची असेल, सांगा बरं?" मॅडमनी पाहुण्यांना विचारलं.

मी हडपसरच्या त्यांच्या फ्लॅटच्या दारात उभी होते. "सहा," कुणीतरी म्हणालं. मॅडमनी त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला माझ्याशेजारी उभं केलं. तोच थोडा उंच निघाला. सगळे हसले.

मी बारा वर्षांची होते.

माझ्या किडन्या लहानपणापासून खराब. त्यामुळे वाढ खुंटलेली. डॉक्टरांनी वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन सुरू केलं होतं. रोज एक. ते म्हणाले होते, हाडांची वाढ बंद व्हायच्या आत जेवढी उंची मिळेल तेवढीच, नंतर नाही. औषध फ्रिजमध्ये ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. आमच्याकडे फ्रिज नव्हता. आई मॅडमकडे धुणंभांडी करायची. मॅडम आयटी कंपनीत मोठ्या पदावर. भाज्यांच्या कप्प्यात आमचा डबा ठेवायला त्यांनी होकार दिला होता. हॉस्पिटलच्या फॉर्मवर औषध ठेवायची जागा म्हणून त्यांचाच पत्ता होता. शाळा सुटली की मी रोज इंजेक्शनसाठी जाऊन दारात थांबायचे, मॅडम डबा आणून द्यायच्या. फ्रिजला हात लावू नकोस, असं कुणी सांगितलं नव्हतं. मला कळत होतं.

त्या दिवशी त्यांच्याकडे सत्यनारायण होता. मॅडमनी डबा आणून दिला. आत बर्फ.

"खाली प्रसादाचं दूध होतं," त्या म्हणाल्या. "त्याच्याशेजारी तुमचं कसं ठेवणार? वर फ्रीझरमध्ये ठेवलं. गारच हवं असतं ना तुम्हाला?"

"मॅडम, हे गोठलं. आता चालणार नाही."

"अगं, वितळेल की. आणि एवढं वाढून करायचंय काय? बेसिनपर्यंत हात पोचला की झालं तुझं."

आई आत भांडी घासत होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा सुरू झाले.

परत येताना ती म्हणाली, "दवाखान्यात सांग, माझ्याच हातून चुकून फ्रीझरमध्ये गेलं. खरं सांगितलंस तर कामही जाईल आणि औषधही."

तिची भीती खरी होती. मला ते तेव्हाही कळलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी विचारलं, "कसं गोठलं?" आई माझ्याकडे बघत होती. मोठ्यांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. तरी म्हणाले, "चुकून नाही गोठलं. त्यांच्याकडे पूजा होती. आम्ही बौद्ध. म्हणून आमचा डबा प्रसादाजवळून काढून बर्फात ठेवला. असंच लिहा."

"एवढं कशाला लिहायचं गं?" त्या म्हणाल्या. त्यांनी लिहिलं, रुग्णाकडून ठेवण्यात चूक.

"चूक आमची नाही," मी म्हणाले. खोडलं नाही त्यांनी.

हॉस्पिटलमधून मॅडमना विचारणा झाली, त्यांनी डबा ठेवायला नकार दिला आणि औषध बंद झालं. आईचं कामही गेलं. आम्ही जुना फ्रिज घेईपर्यंत दोन वर्षं गेली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता फारसा फरक पडणार नाही. मी चार फूट तीन इंच आहे. आईला विचारून बोलायला हवं होतं का, मला अजून ठरवता येत नाही. खोटं बोलायचं नव्हतं, एवढं मात्र नक्की.

आता मी कॉलेजात आहे. आमच्या घरातली पहिली. मागच्या महिन्यात तपासणीला गेले, तर एक बाई तसाच फॉर्म भरत होती. कुणाचा पत्ता विचारलं, तर म्हणाली मालकिणीचा. मुलगी मांडीवर.

मी अर्ज केला. ज्यांच्या घरी फ्रिज नाही, त्या मुलांचं औषध वॉर्डात ठेवा.

"अशी पद्धत नाही," तिथले साहेब म्हणाले.

"तसं लेखी द्या," मी म्हणाले.

दिलेलं नाही. मी रोज जाते. मिळेपर्यंत जाणार. कशासाठी येतेस असं जो विचारेल, त्याला सगळं सांगणार. जातीसकट.